मेहंदीचा रकाना

त्या कार्डावर सुनंदाची सही मी केली होती. मस्टरवरही मीच केली होती. मस्टरवरच्या सहीचं मला आजही फारसं वाईट वाटत नाही, कारण ती तिला माहीत होती. कार्डावरची माहीत नव्हती.

साताऱ्यात माझं सलून आहे, पुरुषांचं आणि बायकांचंही. भिंतीवर फ्रेममध्ये सरकारी परीक्षेचं सर्टिफिकेट लावलंय. ते बघून गिऱ्हाइकं विचारतात, "बायकांच्या कोर्सला तुम्ही कसे काय हो?" मी हसून काहीतरी सांगतो. पण ज्या परीक्षेत ते सर्टिफिकेट मला मिळालं, त्या परीक्षेला माझ्यामुळे एक मुलगी बसू शकली नव्हती. ते सांगत नाही. आज लिहितो.

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या बाजूला. वडिलांचं केस कापायचं दुकान. एक खुर्ची, एक आरसा. वडिलांनी शिकवताना पहिलंच सांगितलं होतं, "गिऱ्हाइकाला इचारत बसायचं न्हाई. डोकं बघायचं आन् हात चालवायचा. इचारलं म्हंजी तुला येत न्हाई." मी तसाच शिकलो. माणूस खुर्चीत बसला की त्याला काय हवंय ते मानेवरून ओळखायचं. त्यात आमची शान होती.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. सांगलीत मामाकडे राहून मी ब्युटी पार्लरच्या कोर्सला नाव घातलं. संस्था बायकांची. वर्गात बावीस मुली आणि मी. लिमये मॅडम संस्था चालवायच्या. कमिटीतल्या दोघींचा मला घ्यायला विरोध होता. मॅडमनी माझ्या समोरच त्यांना सांगितलं, "मुलाच्या हातात कला आहे. जबाबदारी माझी." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एक तक्रार आली तर मात्र मी तुला ठेवू शकणार नाही. कळलं?"

कळलं होतं. वर्षभर मी ते वाक्य मनात घेऊन वावरलो.

प्रॅक्टिकलसाठी मॅडमनी जोड्या लावल्या. माझी पार्टनर सुनंदा पाटील. ती रोज पलूसवरून एसटीनं यायची. बोलायला सडेतोड. पहिल्याच दिवशी म्हणाली, "गड्या, तुझा हात चालतोय, माझं तोंड चालतंय. जमंल आपलं."

आमच्याकडे मॉडेल येत. मॉडेल म्हणजे विद्यार्थ्यांच्या हातून फुकट काम करून घ्यायला तयार असलेली बाई. कामाआधी तिचं कार्ड भरायचं. कुठली ॲलर्जी आहे का, डोक्याला जखम आहे का, याआधी केसांना काय काय लावलं, आणि शेवटचा रकाना, मेहंदी, हो किंवा नाही. भरणाऱ्यानं खाली सही करायची. मी पुरुष असल्यामुळे मॅडमनी ठरवून दिलं होतं, की प्रश्न सुनंदा विचारेल, काम दोघं करतील.

सुनंदासाठी ती परीक्षा फार मोठी गोष्ट होती. पलूसच्या महिला मंडळात जूनपासून पार्लरचा वर्ग निघणार होता. शिकवायला सर्टिफिकेटवाली बाई हवी होती आणि सुनंदाचं नाव नक्की झालं होतं. तिच्या वडिलांनी गावभर सांगूनही टाकलं होतं.

अडचण एकच होती, हजेरी. दहाला मस्टर बंद व्हायचं आणि पलूसची गाडी कधी वेळेवर यायची नाही. हजेरी कमी पडली तर परीक्षेचा फॉर्म जात नसे. म्हणून एसटीनं येणाऱ्या मुली एकमेकींच्या सह्या करत. गावच्या जत्रेला मी दोन दिवस गेलो, तेव्हा माझ्या सह्या सुनंदानं केल्या होत्या. ती उशिरा आली की मी करायचो.

मार्च महिना होता. त्या दिवशी पर्मिंगचं प्रॅक्टिकल होतं. सरळ केस औषधानं कुरळे करतात, त्याला पर्मिंग म्हणतात. केसांच्या बारीक बटा छोट्या रॉडवर गुंडाळायच्या, लोशन लावायचं, थांबायचं, धुवायचं, आणि मग ते कुरळेपण पक्कं करणारं दुसरं औषध लावायचं. त्याला न्यूट्रलायझर म्हणतात.

मॉडेल होत्या इंदूताई. तासगाव तालुक्यातल्या, घरची उसाची शेती, नवरा फौजेत हवालदार. नवऱ्याबरोबर दोन वर्षं अंबाल्याला राहून आल्या होत्या. खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "आमच्या सायबाची बायको हुती बघ तिकडं, तिचं केस आसं शेवयावानी कुरळं. आमचं ह्ये म्हणायचं, बघ, बघ. आता आठ दिसांनी रजेवर येत्यात. म्हनलं, घ्या, बघा आता."

दहा वाजत आले होते. सुनंदाचा पत्ता नव्हता. मस्टरवर तिची सही मी केली. मग कार्ड हातात घेतलं.

इंदूताईंचे केस काळेभोर होते. वय पस्तिसाच्या पुढे, पण एक पांढरा केस दिसत नव्हता. 'केसांना काही लावता का?' हे परक्या बाईला विचारायला माझी जीभ उचलेना. वाटलं, काळे करता का असं विचारल्यासारखं होईल. त्यांना राग आला आणि त्या मॅडमकडे गेल्या तर? वडिलांचं शिक्षण होतंच. डोकं बघायचं आणि हात चालवायचा. मेहंदीनं केस लाल होतात, हे तर काळे आहेत. मी 'नाही' लिहिलं. बाकीचे रकानेही तसेच भरले. प्रश्न सुनंदानं विचारायचे होते, म्हणून खाली तिची सही केली.

ती पाऊण तासानं धापा टाकत आली. निम्मं डोकं गुंडाळून झालं होतं.

"कार्ड?" तिनं हळूच विचारलं.

"झालं."

"मेहंदी विचारलीस?"

"हो."

ती दुसऱ्या बाजूच्या बटा गुंडाळायला लागली.

बाजारात तेव्हा काळी मेहंदी मिळायची. नाव मेहंदी, पण आत रसायनं असायची, काहीत धातूचे क्षारही. तसे क्षार केसांवर बसलेले असले आणि त्यावर न्यूट्रलायझर पडलं, की केस तापतात आणि जळतात. हे आम्हाला शिकवलं होतं. म्हणून तर तो रकाना होता. 'हो' असलं की चार केस कापून आधी औषधात बुडवून बघायचे, एवढंच काम.

न्यूट्रलायझर लावून दोन मिनिटं झाली असतील. इंदूताई म्हणाल्या, "पोरी, डोकं गरम लागतंय गं."

सुनंदानं रॉडला हात लावला आणि झटकन मागे घेतला. रॉड चटका बसण्याइतका तापला होता. केसांतून वाफ निघत होती, घाण वास सुटला होता. सुनंदा ओरडली, "पाणी! मॅडम!" आम्ही धावत त्यांना बेसिनवर नेलं. रॉड सोडायला लागलो तर केसांसकट हातात आले. उजव्या बाजूनं आणि मागून केस बोटभर उरले.

मॅडमनी आधी डोक्याची कातडी तपासली. फोड नव्हता. मग शांतपणे विचारलं, "ताई, केसांना काही लावत होता का?"

"काळी म्हेंदी लावती की. दर म्हैन्याला."

"मग सांगितलं नाहीत?"

"मला कुनी इचारलंच न्हाई, बाई."

मॅडमनी कार्ड उचललं. वाचलं. सुनंदापुढे धरलं. "हे तू भरलंस?"

सुनंदानं कार्डाकडे पाहिलं. स्वतःचं नाव माझ्या अक्षरात. मग माझ्याकडे पाहिलं. आपण त्या वेळी इथे नव्हतो असं ती म्हणाली असती, तर मस्टर खोटं ठरलं असतं आणि मी तिथूनच घरी गेलो असतो. हे तिला कळलं, ते मला दिसलं. मी बोलेन म्हणून ती थांबली होती. मी हातातले रॉड पुसत राहिलो.

"विचारायचं राहिलं, मॅडम," ती म्हणाली.

"केस तुटले म्हणून मी रागावणार नाही. शिकताना तुटतात. पण न विचारता 'नाही' लिहिलंस. मेच्या परीक्षेला तुझा फॉर्म जाणार नाही. पुढचे सहा महिने परत कर आणि डिसेंबरच्या परीक्षेला बस."

इंदूताई आरशात बघत होत्या. डोळ्यांत पाणी होतं. तरी म्हणाल्या, "नगा वो पोरीला बोलू. केसच हायती, येतील परत." पदर डोक्यावरून घेऊन त्या निघून गेल्या. लेखी तक्रार केली असती तर संस्थेचं नाव गेलं असतं. त्यांनी केली नाही.

संध्याकाळी मी स्टँडवर सुनंदाला गाठलं. "सुनंदा, मी..."

"गाडी लागलीय माझी." पायरीवर पाय ठेवून ती वळली. "फॉर्म शनिवारी जाणार हायत. तवर बघ काय करायचं ते."

शनिवारी मी मॅडमच्या ऑफिसच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी मान वर केली. "काय रे?"

"माझ्या फॉर्मवर फोटो चिकटवायचा राहिलाय, मॅडम."

त्यांनी फॉर्म दिला. मी फोटो चिकटवला आणि बाहेर आलो.

मेमध्ये मी पास झालो. जूनमध्ये पलूसच्या वर्गावर दुसरी बाई लागली. सुनंदानं डिसेंबरात परीक्षा दिली, पास झाली आणि घरातल्या पुढच्या खोलीत पार्लर काढलं. मला साताऱ्यात नोकरी लागली होती. तिथे मी प्रत्येक बाईला मेहंदीचं विचारायचो. कुणी रागावलं नाही. उलट बायका मोकळेपणी सांगायच्या.

वर्ष उलटलं. एके दिवशी साताऱ्यात इंदूताई भेटल्या. नवऱ्याबरोबर मिलिटरी कँटीनला आल्या होत्या. केस खांद्यापर्यंत आले होते. त्यांनीच हाक मारली. नवऱ्याला हसत सांगितलं, "ह्योच त्यो, माझी हजामत केल्याला." मग तो पुढे गेल्यावर आवाज उतरवून म्हणाल्या, "ती पोरगी कशी हाय रं? उगाच बोलनी खाल्ली तिनं. मी आले तवा ती हुती कुठं? कागुद तर तूच लिवत हुतास."

नवरा लांब गेलाय ना, ते त्यांनी वळून पाहिलं.

"मी तवाच सांगनार हुते. पर म्हनलं, पोरगं घाबरलंय, सांगंल आपला आपण."

पुढच्या रविवारी मी पलूसला गेलो. सुनंदा एका बाईच्या भुवया करत होती. दोऱ्याचं एक टोक दातांत, बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत.

"सुनंदा, मला तुझी माफी..."

"धागा तोंडात हाय माझ्या," ती दातांतूनच म्हणाली. "बस."

मी बसलो. दोन भुवया होईपर्यंत बसलो. बाई गेल्यावर तिनं दोरा गुंडाळला.

"इथं माफी मागशील, मी म्हणीन जाऊ दे, तू मोकळा होऊन साताऱ्याला जाशील," ती म्हणाली. "सहा महिने मॅडम माझं प्रत्येक कार्ड तपासायच्या. मॉडेलला परत विचारायच्या, हिनं खरंच विचारलं का तुम्हाला? सगळ्या वर्गासमोर. मी रोज मान खाली घालून उभी. तू तिथं नव्हतास."

"मग कुठं मागू? सांग."

"उद्या मॅडमच्या वर्गात नवीन बॅच सुरू होतीया. येतोस?"

"येतो."

"पळालास तर साताऱ्यात येऊन भुवया उडवीन तुझ्या."

दुसऱ्या दिवशी सुनंदाबरोबर सांगलीला गेलो. मॅडमना मी ऑफिसमध्ये आधी सगळं सांगितलं. मस्टरचंही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सुनंदाला खुर्ची पुढे केली. मला म्हणाल्या, "सर्टिफिकेट मी काढून घेऊ शकत नाही. काम नीट करतोस असं कानावर आहे. वर्गात चल."

इंदूताई, सुनंदा आणि मॅडम, या तिघींनी मनात आणलं असतं तर माझ्या हातातला धंदा तेव्हाच गेला असता. आज सलून आहे ते त्यांच्यामुळे. माझ्याकडे आता कार्ड गिऱ्हाईक स्वतःच्या हातानं भरतं आणि मेहंदीचा रकाना सगळ्यात वर आहे. वडिलांची शिकवण दाढी-कटिंगपुरती बरोबर होती. केमिकलला विचारावंच लागतं.

त्या दिवशी वर्गात वीसेक मुली होत्या. सुनंदा मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. तोंडात दोरा नव्हता तरी ओठ मिटलेले. मी फळ्यापाशी उभा राहिलो आणि पाठ करून आणलेलं सगळं विसरलो. मग जे आलं ते बोललो.

"मी इथंच शिकलो. गेल्या वर्षी मार्चमध्ये एका बाईंना न विचारता मी कार्डावर 'मेहंदी नाही' लिहिलं. त्यांचे केस तुटले. कार्डाखाली सुनंदाची सही मी केली होती. ती तेव्हा एसटीत होती. मला काढतील म्हणून मी गप्प बसलो. तिची परीक्षा गेली, पलूसचा वर्ग गेला. मॅडम, तिनं एकही कार्ड न विचारता भरलं नव्हतं. सुनंदा, माझं चुकलं. मला माफ कर."