उचगावच्या फाट्यावर गेलेला बासुंदीचा डबा

भुताखेताच्या, चमत्काराच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर गप्प करतो, हे आधीच सांगून ठेवतो. अठरा वर्षं टूर मॅनेजर म्हणून लोकांना फिरवलंय. बँकॉकच्या टुकटुकवाल्याशी भांडलोय, काठमांडूच्या टेम्पोत डोकं आपटून घेतलंय, कोलंबोच्या बसस्टँडवर उभ्या-उभ्या भाताचं पुडकं संपवलंय. पण हातातली बॅग कधी परक्याकडं दिली नाही. गंडलो तो आपल्याच कोल्हापुरात... आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

दोन हजार दोन साल असेल. आण्णा – माझे वडील – दवाखान्यात होते. चार दिवस पोटात अन्न नव्हतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता मागतील ते द्या. आण्णांनी मागितली नृसिंहवाडीची बासुंदी. म्हणाले, "जगाला जेवाय घालत फिरतोस. मला एकदा तुझ्या हातानं भरव की." लागलं मला ते. आईमागं दहा दिवाळ्या त्यांनी एकट्यानं काढल्या होत्या आणि मी एकदाही घरी नव्हतो.

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको, हमीदाचाची, म्हणाल्या, "जावा तुमी, म्या हाय की हितं." मी लगेच निघालो. वाडीत आईचं नाव कोरलेला स्टीलचा डबा भरून घेतला आणि जयसिंगपूरला येऊन कोल्हापूरची वडाप धरली. वडाप म्हणजे नऊ माणसांच्या जीपमध्ये पंधरा कोंबायची. काठमांडूचा टेम्पो बरा म्हणायची वेळ. आत जागाच नव्हती, म्हणून मी मागच्या फळीवर लोंबकळत उभा राहिलो.

दाराशी एक म्हातारा बसला होता. पांढरी टोपी, उजव्या अंगठ्याला हळदीचं फडकं बांधलेलं. म्हणाला, "आणा हिकडं पावणं, मी धरतो." आपल्याकडं बसलेल्यानं उभ्याचं ओझं मांडीवर घ्यायचं, ही रीतच आहे. आण्णा तर एसटीत लोकांच्या पिशव्या मागून घ्यायचे, एका वेळी तीन-तीन. मी डबा दिला आणि दोन्ही हातांनी दांडी धरली.

उचगावच्या फाट्यावर ड्रायव्हरनं गाडी थांबवली. म्हणाला, उतरा, पुढं जात न्हाय. बोली स्टँडपर्यंतची होती. मी पुढं जाऊन त्याला चार शब्द सुनावले आणि परत मागं आलो... म्हातारा नाही. डबाही नाही.

माझं डोकं फिरलं. आधी जीपची किल्ली काढून घेतली.

"म्हातारा कुठाय?"

"कुठला म्हातारा? मागं समद्या बायकाच बसवल्यात मी. मोजून भरतो की गाडी."

"मग डबा काय हवेत गेला?"

"आईशप्पत सायेब, मला न्हाय ठावं."

मागं बसलेली एक बाई म्हणाली, "तुमी डबा आत देताना बगितलं की. पर थितं माझं गठुळं हुतं. मला वाटलं, त्यावर ठिवला."

मी कुणाचं ऐकतोय? ड्रायव्हरची कॉलर धरली, पोलिसात नेतो म्हणालो. त्याच्या नाकासमोर घड्याळ धरून ओरडलो, "तीन वाजले. बाप माझी वाट बघतोय तिकडं."

तो म्हणाला, "मग जावा की. हितं का थांबलाय?"

साधं बोलला बिचारा. पण मी आणखी अर्धा तास भांडलो. डबा घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणून.

शेवटी रिक्षा करून दवाखान्यात पोचलो, तर हमीदाचाची वॉर्डाच्या दारातच उभ्या होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "आत्ताच गेले वो. पाच मिंटं झाली न्हाईत."

आण्णांच्या उशाशी डबा होता. आईचं नाव कोरलेला. झाकण काढलेलं, आत चमचा.

"एक म्हातारबा घिऊन आलते," चाची म्हणाल्या. "तीनचा च्या आला तवा. त्येनीच भरवलं. चार चमचं खाल्लं आण्णांनी."

"अंगठ्याला फडकं होतं?"

"व्हय की. वळखीचं हाईत न्हवं तुमच्या?"

तीन वाजता माझ्या हातात ड्रायव्हरची कॉलर होती. फाट्यावरून दवाखाना रिक्षानं वीस मिनिटं. वॉर्डबॉयनं कुणाला आत सोडलं नव्हतं. सगळे हिशेब मी करून बसलोय, एकही जुळत नाही. पाव्हणेरावळे म्हणतात, वाडीचे महाराजच आले, भाग्य तुझं. कसलं भाग्य? महाराज असोत नाहीतर आणखी कुणी, माझं त्यांच्याशी भांडण आहे.

कारण चाचींनी मग पुढचं सांगितलं. खाता खाता आण्णांनी विचारलं होतं, "पोरगं कुठं हाय माझं?"

म्हातारा म्हणाला, "फाट्यावर हाय. भांडाय लागलंय."

आण्णा हसले म्हणे. मग डोळे मिटून पडून राहिले.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. मी कुठं आहे, काय करतोय, आण्णांकडं किती वेळ उरलाय, सगळं. मग मला नुसतं 'चल' म्हणायला काय झालं होतं? तो कोण, कसा पोचला, हे मला आजही सांगता येत नाही. वडापमध्ये मात्र मी आता कुणाशी भांडत नाही. उतरवतील तिथं उतरतो आणि चालायला लागतो.