अळणी कालवण

मी घाटावरची आणि सासूबाईंचं माहेर मिठागरावरचं. त्यामुळे त्या माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायच्या यात नवल नव्हतं. पण त्या वर्षी त्यांनी कहर केला. "कालवन अलनी हाय," असं म्हणून वाटीत चमचाभर मीठ ओतायच्या. कलिंगडावर मीठ, ताकात मीठ! मस्तकात तिडीक जायची माझ्या. शेवटी चिडून मीच कालवणात मीठ वाढवलं. तरी अळणीच. नवरा म्हणायचा, "मिठागराची पोर ती, मीठ खाणारच."

हळूहळू त्या वाळल्या, काळवंडल्या. बसल्या जागी पेंगायला लागल्या. शेजारणींनी "वय झालं" म्हणून निकाल लावून टाकला. खांदेश्वरच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून माझ्यावर चालणारा त्यांचा तोंडाचा पट्टा बंद पडला. दोन दिवस मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग भीती वाटायला लागली. एका सकाळी त्या पलंगावरून उठताना कोसळल्या.

डॉक्टरीणबाईंनी बीपी पाहिलं, फारच कमी होतं. मग हिरड्या पाहिल्या, तळहातावरच्या काळ्या पडलेल्या रेषा पाहिल्या आणि विचारलं, "मीठ खावंसं वाटतं का?"

आम्ही तिघंही हसलो. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मूत्रपिंडांवरच्या दोन छोट्या ग्रंथी थकल्या असाव्यात, म्हणाल्या. त्यांच्यातून येणारं कॉर्टिसॉल कमी पडलं की माणूस असा गळून जातो, अंगात मीठही टिकत नाही. वेळेवर कळलं नाही तर जिवावर बेततं.

कॉर्टिसॉल सकाळी भरपूर असायला हवं, म्हणून तपासणीही सकाळीच. आधी रक्त घेतलं, मग त्या ग्रंथींना कामाला लावणारं इंजेक्शन दिलं, मग थांबून पुन्हा रक्त.

"सगला रगात यांनाच देऊ काय?" सासूबाई पुटपुटल्या. कितीतरी दिवसांनी त्या कुणावर तरी डाफरल्या होत्या.

इंजेक्शननंतरही आकडा जागचा हलला नाही. निदान पक्कं झालं. गोळ्या आता जन्मभर, एकही चुकवायची नाही. गोळ्या देण्याचं काम मी माझ्याकडेच घेतलं.

काही आठवड्यांनी कोळंबीचं कालवण केलं होतं. पहिला घास घेऊन सासूबाईंनी ताट सरकवलं.

"खारट केलंस! घाटावरच्यांना मिठाचा अंदाजच नाय. आमच्या मिठागरावर असतीस तर..."

पट्टा सुरू झाला तो थांबेना. मी ऐकत होते आणि मला रडू आवरत नव्हतं. नवरा घाबरून विचारत होता काय झालं म्हणून.

कालवणात मीठ रोजच्याइतकंच होतं.