नकाशातली दुथडी नदी

अमेरिकेतल्या आमच्या बॉथेलहून निघालो तेव्हा गणपतीला सीटबेल्ट होता आणि माझ्या नवऱ्याच्या, श्रीरंगच्या, मांडीवर नकाशा. जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेला पिवळट कागद, त्यावर डोंगरांच्या तपकिरी रेषा आणि मधोमध ठसठशीत निळी नदी. फोनला रस्ता विचारणं त्याला कमीपणाचं वाटत होतं. "प्रॉपर सर्व्हे करून काढलाय, यार!" कधी काढलाय, हे विचारणारी मी कोण!

वाहतं पाणी हवं होतं भारतातून आलेल्या सासूबाईंना. आमचं विसर्जन दरवर्षी बादलीत. यंदा त्या म्हणाल्या, "एवढा प्रवास आता झेपत नाही गं. पुन्हा काही यायची नाही मी. एकदा तरी वाहत्या पाण्यात निरोप देऊ दे." घराजवळच्या नदीवर कुणी कम्प्लेंट केली तर, म्हणून श्रीरंगने डोंगरापलीकडची निर्मनुष्य नदी शोधली.

घाट ओलांडला, झाडं संपली, दडपे पोहेही संपले. नदी निर्मनुष्य होतीच, निर्जलही निघाली. नुसते गोटे, वाळू आणि पात्रात रवंथ करणाऱ्या गाई.

"बाबा, व्हेअर इज द रिव्हर?" लेकीने विचारलं. बाबा नकाशा उलटा धरून पाहत होते.

तेवढ्यात पिकअपमधून तिथल्या रँचची, म्हणजे मैलोगणती पसरलेल्या गुरांच्या कुरणाची, मालकीण आली. नकाशा पाहून खो खो हसली. वर धरण झालं, पाणी कालव्यात गेलं, तेही तिच्या जन्माआधी. लेकीने तिला गणपतीचं सांगितलं. "ही नीड्स मूव्हिंग वॉटर."

"कशाचा आहे?" मालकिणीने विचारलं.

"मातीचा."

"मग चालेल. माझ्या गाई याहून वाईट पितात."

ती आम्हाला गुरांच्या पत्र्याच्या टाक्याशी घेऊन गेली. झऱ्याचं पाणी नळीतून आत पडत होतं, दुसऱ्या बाजूने गवतात सांडत होतं. एवढं ड्राइव्ह करून आम्ही मोठ्या बादलीपाशी पोचलो होतो.

सासूबाईंनी पाण्यात हात घातला. "इकडून येतंय, तिकडून जातंय. वाहतंच की!"

आरती झाली. गाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. मूर्ती सोडताना सासूबाईंचा आवाज चिरकला आणि माझेही डोळे भरून आले. मालकीणबाई टोपी काढून उभी होती, दुसऱ्या हातात मोदक.

विसर्जनानंतर पाटावर नदीची चिमूटभर वाळू घरी आणतात. ती मात्र मुबलक होती. नकाशाचा तेवढा उपयोग झाला.

घरी श्रीरंगने नकाशा पुन्हा भिंतीवर लावला. परतीच्या वाटेवर मी त्याला सुनावायला बरंच काही जमवलं होतं. तोंड उघडणार, तोच सासूबाई देवापुढे वाळू ठेवत म्हणाल्या, "त्या बाईला मोदक फार आवडले गं. पुढच्या वर्षी जास्त करू."

मी जमवलेलं सगळं गिळलं आणि विचारलं, "किती करायचे, आई?"