जरा बाजूला व्हा

टाळ्यांची मला भीती वाटते. घरात कुणाचा वाढदिवस असला आणि केक कापायची वेळ आली, की मी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात जाते आणि नळ सोडून उभी राहते. सून म्हणते, आईंना गोंगाट सहन होत नाही. होतो की. वरातीतला बँड चालतो, दिवाळीचे फटाके चालतात. टाळी तेवढी चालत नाही, आणि त्याला कारण दोन वर्षांपूर्वीचा एक चैत्र आहे.

मला फोटोंचं वेड आहे, पण माणसांच्या नाही. प्रवासाला गेलं की लोक देवळासमोर उभे राहून एकमेकांचे फोटो काढतात, मी कोनाड्यांचे काढते. दाराच्या कड्या, खांबांचे माथे, झिजलेले उंबरे. मध्ये कुणी आलं की माझं डोकं फिरतं. "जरा बाजूला व्हा" हे मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य असेल, आणि सगळ्यात जास्त वेळा ते नवऱ्यानं ऐकलं. अख्ख्या राजस्थानच्या सहलीत तो एकाच फोटोत आहे, तोही कोपरापुरता. "दरवाज्याचा फोटो काढते अन् दरवाज्यातल्या माणसाले हाकलून देते," असं तो प्रताप नगरच्या आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचा. पाहुणे हसायचे, मीही हसायचे. जित्याची खोड.

त्या दिवशी आम्ही खरं तर कळमन्याच्या धान्यबाजारात वर्षाचे गहू बघायला निघालो होतो. तासाभराच्या अंतरावर एका शेतात पायऱ्यांची जुनी बावडी आहे, असं मला कळलं होतं. गाडी मीच वळवायला लावली.

पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. नागपूरकडच्या माणसासारखा नवरा पांढरा दुपट्टा डोक्याला गुंडाळून आणि ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकून आला होता. कॅमेरा तापू नये म्हणून मी तो दुपट्टा मागून घेतला.

"अन् माह्या डोक्याले?"

"तुम्ही कडुनिंबाखाली बसा ना."

तो बसला. शेतमालक म्हातारेबुवा तिथेच बाज टाकून होते, त्यांच्याशी त्याच्या गप्पा सुरू झाल्या.

मला विहिरींची लहानपणापासून धास्ती आहे. डोळ्याला कॅमेरा लावला की ती कमी होते, म्हणून मी तो लावूनच एकेक पायरी उतरले. खाली गारवा होता, शेवाळाचा वास होता आणि वर निळ्या आभाळाचा चौकोन. समोर दगडी कमान, तिच्या दोन्ही बाजूंना कोरलेली कमळं. कमानीच्या पोटाशी हातभर लांब काळा डाग होता. गुराख्यांनी खाली चूल मांडली असेल, त्याची काजळी, असं मी ठरवून टाकलं. डाग मधूनच हलल्यासारखा वाटायचा. ती उन्हाची झळ, हेही मीच ठरवलं. त्याचे कितीतरी फोटो काढले.

मग मागे वळून वरच्या पायऱ्यांवर कॅमेरा धरला, तर सगळ्यात वर नवरा उभा. उघड्या डोक्यानं. पंजा आडवा धरून खाली खाली दाबत होता, तोंडानं काही बोलत नव्हता. मला वाटलं, पुरे झालं, जेवायला चल म्हणतोय. मी चिडून हातानं खूण केली, बाजूला व्हा. तो लगेच झाला. मी पायऱ्यांचा फोटो काढला.

आता कमानीवरची कबुतरं राहिली होती. ती उडताना टिपावीत म्हणून मी टाळी वाजवली.

कबुतरं फडफडत उठली, आणि त्यांच्या पाठोपाठ ती काजळी कमानीपासून सुटली. आधी आवाज आला. तो कानांत नाही, छातीत आला. आग्या मोहोळ! पहिला डंख कानामागे बसला, तेव्हा मला शब्द आठवला. मी दुपट्टा डोक्यावरून ओढून भिंतीच्या कोपऱ्यात बसले. ओरडावं तर तोंडात जातील. आपण इथेच मरणार, हे मला अगदी स्पष्ट कळलं होतं, आणि मी लहान मुलीसारखी मनातल्या मनात आईला हाका मारत होते.

"हालू नोको! हालू नोको वं!"

तो पायऱ्या उतरत होता. हातात भिजवलेलं बारदान होतं, ते त्यानं माझ्यावर टाकलं आणि माझ्या अंगावर आडवा झाला. बारदान एकच होतं. गोणपाटाच्या आत मला त्याचा श्वास ऐकू येत होता आणि तो मधून मधून अडखळत होता. अहो आत या, आत या, असं मी म्हणत राहिले. वर म्हाताऱ्यांनी ओलं गवत पेटवलं. धूर खाली उतरेपर्यंत किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही.

दवाखान्यात त्याचे डोळे दिसत नव्हते, इतका चेहरा सुजला होता. ओठ, जीभ, सगळंच. श्वासाकडे लक्ष ठेवा, डॉक्टर म्हणाले. मी दुसरं काही केलंच नाही. छाती वर आली की क्षणभर हायसं वाटायचं, खाली गेली की पुन्हा धस्स. चार डंख मला होते. त्याच्या डोक्यातले नर्स काढतच होती. दुपट्टा माझ्या मांडीवर होता, आणि तो कुठे ठेवावा हे मला सुचत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो बोलला. "फोटो आले का?" मी इतकी रडले की नर्स धावत आली.

घरी आल्यावर त्यानंच सांगितलं. म्हाताऱ्यांनी त्याला विचारलं होतं, बाई खाली कुठवर गेल्या, कमानीले मोहोळ हाये. आवाज नोका करू, उठते. म्हणून तो वरून मुक्यानं खुणावत होता, गप राहा, हळूच वर ये. "तू हात केला ना, मले वाटलं समजलं तुले. म्हणून मी बारदान भिजवाले गेलो."

तो आता बरा आहे. उन्हात निघताना दुपट्टा दोनदा चाचपतो. मी ही दोन वर्षं कार्ड कॅमेऱ्यातून काढलं नव्हतं. परवा काढलं. काळ्या डागाचे फोटो उत्तम आले आहेत, माश्यांचे पंखसुद्धा दिसतात. मग पायऱ्यांचा एक फोटो आहे. त्यात तो सगळ्यात वर उभा आहे, उघड्या डोक्यानं, पंजा आडवा धरून, माझ्याकडे बघत. कधी दाबलं गेलं बटण, कोण जाणे.

पुढच्या फोटोत पायऱ्या रिकाम्या आहेत. मला हव्या होत्या तशा.