बाजारपेठेखालची खाडी

माझं गाव औंधच्या पूर्वेला, माण तालुक्यात. मेंढरं राखणाऱ्यांचं घर. आमच्या विहिरीला पाणी नसायचं, म्हणून मी पोहायला शिकलो नाही. फौजेत चौदा वर्षं झाली तोवर समुद्रही पाहिला नव्हता. मग आमच्या प्लाटूनची पोस्टिंग पूर्व किनाऱ्यावरच्या एका बेटावर झाली. तिथं एक सिग्नल स्टेशन होतं, त्याची गार्ड ड्यूटी. मी तेव्हा हवालदार होतो.

बेट उत्तर-दक्षिण साडेतीन किलोमीटर लांब, पडवळासारखं. पूर्वेला खुला समुद्र, पश्चिमेला खाडी. खाडीपलीकडचा मुख्य किनारा गाठायला फेरीबोटीनं चाळीस मिनिटं लागत. दक्षिण टोकाला खडकाळ टेकाड. त्यावर आमची पोस्ट आणि इंग्रजांच्या काळातलं जकातीचं दगडी गोदाम. उत्तरेला कोळ्यांची वस्ती आणि दुमजली शाळा. दोन्हींच्या मध्ये बेट एवढं अरुंद होतं, की मी एकदा पावलं मोजली तर नव्वद भरली. त्या नव्वद पावलांत सगळी बाजारपेठ. गावचे लोक त्या जागेला ‘गळा’ म्हणत.

दिनक्रम ठरलेला. साडेपाचला पीटी, आठला गार्ड बदली, दुपारी वेपन क्लीनिंग, संध्याकाळी व्हॉलीबॉल. माझ्या सेक्शनमध्ये नाईक मुबारक शिकलगार होता. सांगलीजवळच्या माधवनगरचा. वडील कापड गिरणीत मागावर होते. सांगलीच्या घाटावर कृष्णेत पोहून मोठा झालेला. सुट्टीच्या दिवशी तो मला समुद्रात ओढायचा.

“उस्ताद, पाय तर भिजवा की. काय खातंय व्हय पाणी?”

“आमी मेंढरामागची माणसं, गड्या. आमाला डोंगर बरा.”

बेटाची माहिती आम्हाला वीरय्या अण्णांकडून मिळाली. सत्तरीचे, फेरीबोटीचे निवृत्त चालक. रोज चहाला पोस्टच्या गेटवर येत आणि मोडक्या हिंदीत बोलत. हे गाव मिठासाठी वसलं. मग जकातीचा नाका आला, गलबतं येऊ लागली. पुढं रेल्वे मुख्य किनाऱ्यावर गेली आणि गलबतं थांबली. एक दिवस पेठेतून चालताना अण्णांनी काठी रस्त्यावर आपटली. म्हणाले, “इथं माझ्या आजोबांच्या वेळी रस्ता नव्हता, पाणी होतं. बेटं दोन होती. व्यापाऱ्यांनी वाळू आणि दगड टाकून खाडी बुजवली आणि वर दुकानं बांधली.”

मी मुबारकला ते सांगितलं. तो खाली वाकून रस्त्याकडं बघत राहिला.

पावसाळा सरताना चक्रीवादळाचा इशारा आला. ते शंभर किलोमीटर उत्तरेला धडकणार होतं. तरी प्रशासनानं आदल्या दिवशी बहुतेक लोकांना फेरीनं पलीकडं नेलं. उत्तरेकडचे सुमारे तीनशे लोक उरले. त्यांना सरकारी यादीप्रमाणे शाळेत ठेवलं होतं. रात्रीत बोटी बंद झाल्या.

सकाळी साडेनऊला रेडिओवर मेसेज आला. वादळानं दिशा बदलली होती. लँडफॉल, म्हणजे जमिनीवरची धडक, आमच्या जवळ, दुपारी दोनच्या सुमारास.

आमचे कमांडर कॅप्टन साहेब सव्वीस वर्षांचे. मी त्यांना नकाशावर गळा दाखवला, अण्णांनी सांगितलेलं सांगितलं.

“साहब, ये बीच का हिस्सा टूटेगा. शाळा उस पार रह जाएगी.”

साहेबांनी विचारलं, “कितने लोग?”

“तीन सौ के आसपास.”

त्यांनी नकाशावर शाळेपासून गोदामापर्यंत बोट फिरवलं. यादी सरकारी होती, ती मोडली तर जबाबदारी त्यांच्यावर येणार होती. मग म्हणाले, “सबको गोदाम में लाओ. बारह तीस तक. उसके बाद पेठ में एक भी बंदा नहीं चाहिए.”

दहा-दहाला आम्ही सुरुवात केली. माझ्याकडं नऊ जवान. लोक निघायला तयार नव्हते. शाळा पक्की आहे, म्हणत होते, आणि त्यांचं चूक नव्हतं. अण्णा दारोदार फिरून त्यांच्या भाषेत ओरडत होते. साडेअकरापर्यंत निम्मे लोक गोदामात पोचले. तोवर पेठेत गुडघाभर पाणी झालं होतं. ते पूर्वेकडून यायचं आणि काही क्षणांत पश्चिमेकडून परत यायचं. दुकानांचे पत्रे उडत होते. एक पत्रा आमच्या एका जवानाच्या खांद्यात घुसला. त्याला मागं पाठवलं.

पावणेबाराला आम्ही दोर बांधला. एक टोक उत्तरेला मासळीच्या लिलावाच्या शेडच्या खांबाला, दुसरं दक्षिणेला रेशन दुकानाच्या लोखंडी खांबाला. दोर धरून लोक एकामागं एक येऊ लागले. मुबारक त्यांच्यासोबत ये-जा करत होता. म्हातारी माणसं तो पाठीवर घ्यायचा. मी दक्षिणेच्या टोकाला. पोहता येत नव्हतं म्हणून तिथं, हेही सांगून टाकतो.

बारा-वीसला पाणी कमरेच्या वर गेलं. आणखी एक फेरी करून मुबारक माझ्याकडं आला. ओठ निळे पडले होते.

“उस्ताद, पलीकडं अजून एकोणीस हायत. त्यात एक बाळंतीण हाय, चार दिवसांची. आणि वीरय्या अण्णा.”

तेवढ्यात वायरलेस सेटवर साहेबांचा आवाज आला; टायगर वन म्हणजे मी. “टायगर वन, क्रॉसिंग बंद करो. तुरंत. कन्फर्म. ओव्हर.”

घड्याळात बारा-तीस.

मी म्हणालो, “वेट. आउट.”

म्हणजे थांबा, नंतर बोलतो. कन्फर्म म्हणायला हवं होतं.

“मुबारक, बास आता. त्यास्नी माडीवर चढायला सांग. हात करून सांग.”

“माडी टिकंल का?”

मला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. पलीकडं, पेठेला लागूनच असलेल्या शाळेच्या व्हरांड्यात ती बाई दिसत होती, वाऱ्यानं उडणारं पातळ सावरत.

“एकच फेरी, उस्ताद. बाळंतीण आणि तिची आई. बाकीचे माडीवर. तुमी फकस्त व्हय म्हना.”

मी म्हणालो, “जा.”

तो गेला. दोरावर त्याचे हात एकामागं एक पडताना मी पाहत होतो. पलीकडं त्यानं बाळाला मासळीच्या ॲल्युमिनियमच्या घमेल्यात ठेवलं, वरून पावसाळी पोंचो गुंडाळला आणि घमेलं डोक्यावर घेतलं. बाई त्याच्यामागं दोर धरून, तिच्यामागं तिची म्हातारी आई. पेठेच्या मध्यावर एक लाट आली आणि तिघं दिसेनासे झाले. मग घमेलं वर आलं. त्याखाली मुबारकचं डोकं.

त्यानं घमेलं माझ्या हातात दिलं. बाईला दोन जवानांनी ओढून घेतलं. म्हातारी आठ-दहा पावलं मागं होती. तिचा एक हात दोरावरून सुटला होता.

“मुबारक, थांब!”

तो वळला होता. म्हातारीपर्यंत पोचला, तिला काखेत धरलं. एक पाऊल आमच्याकडं टाकलं. तेव्हाच रस्ता खाली गेला. आवाज झाला नाही, किंवा वाऱ्यात ऐकू आला नाही. समोरची सहा दुकानं एका बाजूला झुकली आणि पाण्यात बसली. उत्तरेचा खांब उपटला. दोर सैल पडला. मी आणि तीन जवानांनी तो ओढायला सुरुवात केली. आधी तो जड होता. हातांना कळत होतं, पलीकडं माणूस आहे. आम्ही पाय रोवून ओढत राहिलो.

मग दोर हलका झाला.

बारा-सत्तेचाळीस. मी सेट उचलला.

“टायगर वन. क्रॉसिंग बंद. एक जवान मिसिंग. एक सिव्हिलियन मिसिंग. ओव्हर.”

साहेबांनी विचारलं, “कौन?”

मी नाव सांगितलं.

संध्याकाळपर्यंत वाऱ्याखेरीज काही नव्हतं. गोदामात तीनशेच्या आसपास माणसं बसून होती. ती बाई आईला हाका मारत होती. तिची भाषा मला येत नव्हती, पण तेवढा शब्द कळत होता.

तिसऱ्या दिवशी बोटी सुरू झाल्या. गळ्याच्या जागी खुलं पाणी होतं, अण्णांच्या आजोबांच्या काळात होतं तसं. पहिल्या होडीतून अण्णा आले. मागं राहिलेल्या सोळा जणांत ते होते. मी विचारलं, “माडीवर?”

“गुडघाभर पाणी आलं होतं. बाकांवर उभे राहिलो.”

“सगळे आहेत?”

“सगळे.”

खालच्या मजल्याच्या भिंती वाहून गेल्या होत्या, माडी नुसत्या खांबांवर उभी होती. तीनशे माणसं त्या माडीवर मावली नसती, हे खरं. पण तीन जास्तीची मावली असती. हेही तितकंच खरं. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं आणि होडीतून उतरायला हात पुढं केला.

पाचव्या दिवशी मुबारक पश्चिमेच्या खाडीत, खारफुटीच्या मुळांत सापडला. म्हातारी सापडली नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी वेळा सांगितल्या. ऑर्डर बारा-तीस, घटना बारा-सत्तेचाळीस. मधली सतरा मिनिटं माझी. कॅप्टन साहेबांनी ती स्वतःवर घ्यायचा प्रयत्न केला. मी घेऊ दिली नाहीत.

मय्यत घेऊन माधवनगरला मीच गेलो. दफन झालं, सलामी झाली. लोक पांगल्यावर मुबारकच्या आईनं कॅलेंडरचं पान पालथं करून माझ्यापुढं ठेवलं.

“मला ते गाव काढून दावा.”

मी बेट काढलं. शाळा, पेठ, गोदाम. खाली दक्षिण, वर उत्तर.

“समुद्र कुठल्या अंगाला?”

“दोन्ही अंगाला, आई.”

त्या बराच वेळ पेठेच्या जागी बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, “ते लेकरू कसं हाय?”

“बरं हाय. दूध पितंय.”

त्या आत गेल्या. मुबारकचे वडील मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. मागावरचे धागे बघून बघून माणसाचे डोळे बारीक होतात, तसे त्यांचे होते.

“हवालदार, एक विचारू का? ती बाई आणि लेकरू तिथंच ठेवलं असतं, तर?”

खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, “तर वाचली असती, चाचा. म्हातारीबी. मुबारकबी. पर तवा आमाला ते कळलं न्हाई.”

त्यांनी भिंतीला हात टेकला. एक सायकलवाला गेला, त्याला वाट दिली.

“हे तिला सांगू नका,” ते म्हणाले. “तिच्या पोरानं लेकरू वाचवलं. तिला तेवढंच असू द्या.”

मी शब्द दिला आणि पाळला. दरवर्षी माधवनगरला जात राहिलो. आई बाळाचं विचारायच्या, अण्णांच्या पत्रातलं मी सांगायचो. चाचा गेले. गेल्या हिवाळ्यात आईही गेल्या. म्हणून आता हे लिहिलं.

म्हातारीचं नाव मला त्या दिवशी माहीत नव्हतं. नंतर अण्णांनी कळवलं. अप्पलम्मा, मासळी विकायची, वय पासष्टच्या पुढं. नाईक मुबारक शिकलगार, वय एकोणतीस. तिला सोडलं असतं तर तो पोहून आला असता. त्यानं सोडलं नाही. दोघांची नावं मी एकत्रच घेतो.