चावीकाका नकाशा वाचायला शिकले

पाणीखात्यात चावीकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. खांद्यावर लांब दांड्याची लोखंडी चावी टाकून ते पहाटे सायकलवर निघत आणि रस्त्यातली झाकणं उघडून एकेका गल्लीचं पाणी सोडत. असे एकशे बारा व्हॉल्व. कार्यालयात नकाशा होता, पण काकांचं डोकं असताना तो उघडायची तसदी कोण घेणार?

छप्पन्नाव्या वर्षी त्यांच्या मेंदूत बारीकशी गुठळी झाली. आठ दिवस दवाखान्यात काढले. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत. थोडक्यात निभावलं, असं डॉक्टर म्हणाले.

कामावर परतल्यावर तिसऱ्याच दिवशी काका एका चौकात चावी घेऊन उभे राहिले आणि पुढचं झाकण कुठे आहे ते त्यांना आठवेना. अंदाजाने एक व्हॉल्व फिरवला, तो भलताच निघाला. त्या दिवशी प्रसूतिगृहाच्या टाकीत दुपारपर्यंत थेंब आला नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "व्हॉल्व अडकला होता." एकतीस वर्षांच्या नोकरीतलं ते पहिलं खोटं.

दुसऱ्या दिवशी ते जिन्याखालच्या खोलीत गेले. तिथे आरेखक बाई बसत. नकाशे काढणं आणि जपून ठेवणं हे त्यांचं काम.

"बाई, मला नकाशा वाचायला शिकवाल? हौस म्हणून."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "बसा," एवढंच म्हणाल्या आणि टेबलभर नकाशा पसरला.

काकांनी तो लगेच फिरवून उलटा केला. बाईंनी पुन्हा सरळ केला.

"अहो, टाकी खाली कशी? पाणी काय डोंगर चढून येणार?"

बाई हसल्या. "कागदावर वर म्हणजे उंच नाही, काका. वर म्हणजे उत्तर. हा बाण बघा. आपली टाकी गावाच्या दक्षिणेला, म्हणून ती खाली."

काकांना हे पटायला दोन दिवस लागले. त्यांच्या जगात आजवर दोनच दिशा होत्या, टाकीकडची आणि उताराकडची.

बाई घाई करत नसत. आधी त्यांनी नकाशाचं शीर्षक आणि साल वाचायला लावलं. "कशाचा आणि कधीचा, हे न बघता नकाशावर विश्वास टाकायचा नाही." मग कोपऱ्यातली सूची दाखवली. जाड निळी रेघ म्हणजे मुख्य वाहिनी, तुटक रेघ म्हणजे जुनी, बंद पडलेली. वर्तुळात फुली म्हणजे व्हॉल्व. शेवटी प्रमाण. एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे वीस मीटर. काकांनी कार्यालयाच्या भिंतीलगत टेप लावून स्वतःची पावलं मोजली. वीस मीटरला सत्तावीस भरली.

एका दुपारी काकांनी बोट ठेवून विचारलं, "या तपकिरी रेघा कसल्या? रस्ते तर नाहीत."

"एका रेघेवरची सगळी जागा सारख्या उंचीची. रेघा दूरदूर असतील तर जमीन सपाट. खेटून असतील तर चढ."

काका बराच वेळ वाकून बघत राहिले. "म्हणजे इथे पाणी जोरात उतरतं," ते हळूच म्हणाले. "आणि इथेच, या वळणावर, दर दोन वर्षांनी पाइप फुटतो." बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. इतकी वर्षं त्या रेघा काढत होत्या, पण त्यांतून वाहणारं पाणी त्यांना कुणी असं दाखवलं नव्हतं.

मग काका नकाशाची प्रत घडी करून बाहेर पडले. ते अडले होते त्या चौकापासून साडेतीन सेंटीमीटरवर एक फुली होती. ती त्यांना अजिबात आठवत नव्हती. पंचाण्णव पावलं मोजून ते एका लाँड्रीसमोर थांबले. पायाने माती सरकवली आणि खाली झाकण लागलं. लाँड्रीवाली दारातून म्हणाली, "काका, बऱ्याच दिवसांनी आलात. पूर्वी रोज इथे टेकून चहा प्यायचात."

काकांना आनंद व्हायला हवा होता. पण ते झाकणाशी उभे राहून तो चहा आठवू लागले. झाकण सापडलं, त्या चहाचं मात्र काहीच सापडेना.

तिथून ते थेट साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. साहेब पटकन रागावणारे गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांनी समोरची खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाले, "चूक आमचीही आहे. एवढं गाव तुमच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवायला नको होतं. रोज दोन तास बाईंसोबत बसा. नकाशा पुरा करा."

चार महिने ते काम चाललं. नकाशात नसलेले नऊ व्हॉल्व काकांना पक्के आठवत होते, ते बाईंनी कागदावर उतरवले. काका विसरलेले चौदा नकाशाने दिले. जुन्या बाजाराजवळचा एक व्हॉल्व मात्र कागदावर असूनही जमिनीत सापडला नाही. तीन ठिकाणी खणून पाहिलं. शेवटी बाईंनी तिथे तुटक वर्तुळ काढलं आणि सूचीत नवी ओळ घातली: 'जागा अनिश्चित'.

"असं लिहिलेलं चालतं?" काकांनी विचारलं.

"खोटी फुली मारण्यापेक्षा बरं."

त्या संध्याकाळी बायको भाजी निवडत होती. काका तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "एक सांगायचंय. आपलं लग्न मला आठवत नाही."

तिचे हात थांबले नाहीत. "माहीत आहे मला. दवाखान्यातून आल्यावर भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे परक्यासारखे बघत होतात. तुम्ही विचाराल म्हणून वाट बघत होते."

"मग आता विचारतो."

तिने निवडलेली भाजी बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि सुरुवातीपासून सांगायला बसली. मध्येच काकांनी तिला थांबवलं. "थांब. मी नेमका कुठे उभा होतो?"