ताईच्या बोटांचं मशीन

शटर वर गेलं की उजेड आधी टेबलावर पडायचा, मग फळीवरच्या टाइपरायटरांवर आणि सगळ्यात शेवटी मिस्त्रींच्या टकलावर. दुकानाचा हा पहिला प्रवेश कधी चुकला नाही.

त्या शनिवारी मात्र मिस्त्रींच्या आधी त्यांची थोरली बहीण, ताई, दारात हजर होती. वीस वर्षं परदेशातल्या कचेरीत टायपिस्ट होती, आता कायमची परतली होती. सोमवारी वकिलांकडे टायपिंगची परीक्षा. स्वतःचं मशीन आणलं तरी चालेल, असं वकील म्हणाले होते. तिनं दुकानातल्या मशीनवर एक ओळ हाणली. कागदावर नुसता सावळा गोंधळ.

"तिकडे ए वरच्या ओळीत असतो रे, क्यू त्याच्या खाली. झेड-डब्ल्यूचंही तसंच. एम तर पार उजव्या कडेला."

"मग बोटांना समजाव की."

"वीस वर्षांची सवय ती दोन दिवसांत सुटेल? आणि तुझ्या घरी आयतं बसून खायला मी आलेले नाही, सांगून ठेवते."

मिस्त्रींनी रविवारी सकाळभर खपून कळांवरच्या टोप्या काढल्या, ताईच्या सांगण्याप्रमाणे अदलाबदल करून बसवल्या, वर फडकंही मारलं. ताई बसली. नजर कागदावर, बोटं कळांवर. पुन्हा तोच गोंधळ.

"अरे शहाण्या, मी कळांकडे बघते कधी?"

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. स्वतः एका बोटानं कळ शोधत टाइप करणारा माणूस. अक्षर टोपीवरच राहतं, असं धरून चालला होता. मग दुपारी शेगडी पेटवली. कागदावर आपटणाऱ्या दांड्यांच्या टोकांचे ठसे तापवून सोडवले आणि एकमेकांच्या जागी नीट डाख देऊन बसवले.

ताईला नोकरी लागली. अकरा वर्षं तिनं तेच मशीन बडवलं. ती रजेवर गेली की तिच्या जागी बसणारा कारकून मिस्त्रींच्या नावानं बोटं मोडायचा, आणि हे ऐकलं की मिस्त्रींची छाती फुगायची.

ताई जाऊन आता चार वर्षं झाली, मशीन दुकानात परत आलं. परवा एक शौकीन गिऱ्हाईक आलं. नेमकं तेच मशीन त्याच्या मनात भरलं. "फक्त अक्षरं पुन्हा इकडच्यासारखी करून द्या," तो म्हणाला.

मिस्त्रींनी मशीनवर कापड ओढलं, कोपरे सारखे केले आणि फळीकडे हात दाखवला.

"त्यातलं कुठलंही न्या. याला मी ताईला विचारल्याशिवाय हात लावत नाही."